ठेवून घेतलं नाही

दसरा झाला की आमच्याकडे हवेत एक बारीक, पिवळसर धूळ येते. सोयाबीनची मळणी सुरू झालेली असते. सकाळी अंगणात दोरीवर वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी अंगाला खाजतो. पाण्याच्या पिंपावरचं झाकण काढलं की आत तवंगासारखा भुसा तरंगताना दिसतो. जिंतूरहून येणारी एसटी फाट्यावर थांबते तेव्हा तिच्या काचांवर कुणीतरी बोटानं नाव लिहिलेलं असतं. लोकांना हा हंगाम आवडतो. वर्षभराचं पीक घरात येतं, दिवाळी तोंडावर असते, सकाळच्या हवेत नुकता गारवा उतरलेला असतो. मलाही आवडायचा. माहेरी मी गंजीवर चढून उड्या मारलेल्या आहेत.

आता रस्त्यापलीकडच्या शेतात मशीनचा घरघराट सुरू झाला की मी आधी खिडक्या लावून घेते. मग मुलीचा श्वास ऐकते. ती पुढच्या खोलीत पुस्तक वाचत असली तरी स्वयंपाकघरातून ऐकते. आणि या दोन्हींच्या मागून, न चुकता, मला लाज वाटायला लागते.

तनू तेव्हा चार वर्षांची होती. मी गावापासून जवळच्याच शाळेत मराठी शिकवायचे, अजूनही शिकवते. घरची शेती माझे यजमान बघतात. त्या वर्षी मळणीचं मशीन आमच्या शेतात यायला फार दिवस लागले होते, कारण सगळ्या शिवारात एकच मशीन फिरत होतं आणि प्रत्येकाला ते आज हवं होतं. ते आलं त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. गंजी उघडी होती, माणसं कामाला लागली होती, धूळ घरापर्यंत येत होती. मी शाळेतून जेवायला घरी आले तर तनू भिंतीला टेकून बसलेली. खोकत होती. श्वास घेताना तिच्या बरगड्यांखालचं पोट आत ओढलं जात होतं आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

मी तो आवाज पूर्वी कधी ऐकला नव्हता. मी धावत शेतात गेले. धावताना काय ओरडले ते आठवत नाही, पण मशीन थांबलं. घरघराट एकदम बंद झाल्यावर शेतात जी शांतता पसरली ती अजून कानात आहे. डोक्याला फडकी बांधलेली ती सगळी धुळकट माणसं माझ्याकडे बघत उभी होती. माझ्या दिरानं जीप काढली. हे तसेच, अंगावरच्या भुशासकट, चालवायला बसले. आम्ही परभणीला निघालो.

वाटेत तनू झोपली. शहरात शिरता शिरता जागी झाली आणि रस्त्याकडेचा फुगेवाला बघून फुगा मागू लागली.

दवाखान्यात लहान मुलांना अचानक काही झालं तर जिथे नेतात त्या दारावर ‘अपघात विभाग’ अशी पाटी होती. पाटी वाचूनच मी बावरले. आमच्याकडे अपघात झालेला नव्हता. आत एका बाकावर चार-पाच आया आपापली लेकरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एका बाळाला आकडी येऊन गेलेली, एकाच्या पायाला रक्तानं भिजलेलं फडकं. त्यांच्यात माझी तनू फुग्यासाठी हट्ट करत होती.

डॉक्टर तरुण होते. चष्मा, दमलेला चेहरा, बोलणं पुस्तकी आणि हळू. त्यांनी तनूला तिचं नाव विचारलं. तिनं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, आजीनं पाळलेल्या मांजराचंही सांगितलं. त्यांनी पाठीवर नळी लावून बराच वेळ ऐकलं. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा बघितला. नाकातोंडावर मास्क धरून औषधाची वाफ दिली, थोडा वेळ तिथंच बसवून ठेवलं, पुन्हा ऐकलं. आणि म्हणाले, “आत्ता ठेवून घ्यायची गरज नाही. लेकरू छान आहे. घरी न्या.”

या वाक्यावर कुठल्याही आईनं हात जोडावेत. मी जोडलेही. पण आत काय झालं ते वेगळं होतं. माझा चेहरा तापला. कान तापले. डोळ्यांपुढे ते थांबलेलं मशीन आलं, ती फडकी बांधलेली माणसं आली. आणि एक क्षण, अगदी एकच, मला वाटून गेलं की तिला आणखी थोडं जास्त असतं तर बरं झालं असतं.

मी ते वाटणं तिथल्या तिथं दाबून टाकलं. इतक्या जोरात की मग डॉक्टर काय बोलत होते ते मला कळलंच नाही. ते बरंच बोलले. मी प्रत्येक वाक्याला ‘हो’ म्हणत होते. हे बाहेर जीपजवळ उभे होते. दिराचा फोन येऊन गेला होता: मशीनवाल्यानं थोडी वाट बघितली आणि तो दुसऱ्याच्या शेतात गेला.

संध्याकाळी आम्ही घरी पोचलो तेव्हा पावसाचे टपोरे थेंब पडत होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गंजीवर ताडपत्री ओढत होत्या. मी जीपमधून उतरले. तनू माझ्या कडेवरून त्यांच्याकडे झेपावली.

“काय म्हणला डाक्टर?”

“काही नाही निघालं.”

त्यांनी तनूकडे बघितलं, गंजीकडे बघितलं. “न्हाई निघालं ते बरंच झालं,” त्या म्हणाल्या. मग ताडपत्रीचं टोक दगडाखाली दाबता दाबता, “पण मशीन गेलं ना बाई. जराशी दम धरती तर.”

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. दुसऱ्या दिवशी शाळेत कुणीतरी म्हणालं, “मॅडम लय घाबरट हायत बघा, खोकल्याला परभणी गाठतेत!” सगळे हसले. मी पण हसले. त्या हसण्यात वाईट काहीच नव्हतं. आमच्याकडे माणसं अशीच चेष्टा करून एकमेकांचं मन हलकं करतात. पण मी त्या दिवसापासून तनू खोकली की आधी आजूबाजूला कोण आहे ते बघायला लागले.

लाज ही फार विचित्र गोष्ट आहे. एखाद्या मुलाला गणित आलं नाही की त्याला लाज वाटते, हे मी वर्गात रोज बघते, त्यात नवल नाही. पण आपलं लेकरू धडधाकट आहे हे ऐकून आईला लाज वाटावी? मी तिच्या श्वासाला घाबरले होते, आणि श्वास तर ठीक निघाला, म्हणजे मी खोटी पडले, असा तो हिशेब. त्या दारात आई लेकराला घेऊन जाते, पण तपासणी जणू तिचीच चाललेली असते. ठेवून घेतलं तर ती खरी, घरी पाठवलं तर ती खोटी. असं तिला तिथं कुणीही म्हणत नाही. तरी ती तेच घेऊन बाहेर पडते.

गंजीचा वरचा थर काळा पडला. बाकीचं निभावलं. मशीन पुन्हा आमच्याकडे आलं तेव्हा धूळ पुन्हा उठली.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासूनच तनू उशीवर आडवी होईना. बसूनच होती, दोन्ही हात गादीवर टेकून, खांदे वर उचललेले. नाकपुड्या फुलत होत्या. पाणी मागताना तिनं ‘पा’ म्हटलं आणि थांबली, श्वास घेतला, मग ‘णी’ म्हटलं. मी तिला पाणी दिलं. मग मी स्वयंपाकघरात गेले आणि चहाचं आधण ठेवलं.

चहा कुणालाच नको होता. मी तिथं उभी राहून मनातल्या मनात दवाखान्यात जात होते. डॉक्टर मान वर करून बघतील. पुन्हा तुम्ही? तनू तिथं जाऊन पुन्हा मांजराची गोष्ट सांगेल. बाकावरच्या आया माझ्याकडे बघतील. परत येताना हे काही बोलणार नाहीत, आणि ते न बोलणं मी सबंध रस्ताभर ऐकत राहीन. पाणी उकळून वर आलं. मी गॅस बारीक केला. बाहेर मशीन चालू होतं.

आत्याबाई तनूला कडेवर घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

“हिला बोलायला लावलं मी. मांजर कुठं गेलं म्हणून इचारलं. बोलंना गेलीय.”

“होईल कमी. औषध दिलंय.”

“मला भ्या वाटायलंय,” आत्याबाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. या बाईला भीती वाटल्याचं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. विहिरीत साप निघाला तरी दोर आणा म्हणणारी बाई ती.

“त्यांनी परत घरी पाठवलं तर?” मी विचारलं.

“तर घरी यायचं. रस्ता हाय ना घराला. ऊठ, चप्पल घाल. मशीन थांबवाया मी जाते, तू जाऊ नको.”

त्याच गेल्या. फरक एवढाच की त्या ओरडल्या नाहीत. चालत मशीनपर्यंत गेल्या आणि हात वर केला.

यावेळी तनू वाटेत झोपली नाही. फुगेवाल्याकडे तिनं बघितलं नाही. तिचं डोकं माझ्या गळ्याशी होतं आणि प्रत्येक श्वास माझ्या कॉलरबोनवर गरम लागत होता. आम्ही त्या दारातून आत शिरलो तेव्हा तेच डॉक्टर होते. त्यांनी नाव विचारलं नाही. बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला आणि उभ्या उभ्याच सिस्टरना हाक मारली. ऑक्सिजनची नळी आली, मास्क आला. तिच्या हाताची शीर सापडत नव्हती. तिला रडायलाही श्वास पुरत नव्हता.

“ठेवून घ्यावं लागेल,” डॉक्टर म्हणाले.

आणि मला हायसं वाटलं.

मी हे तसंच लिहिते आहे, कारण दुसऱ्या कुठल्या शब्दात ते बसत नाही. माझी मुलगी निळसर ओठांनी माझ्यासमोर बसली होती आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की आता कुणी हसणार नाही. त्याच्या मागोमाग भीती आली, मी भिंत धरली. पण क्रम तो होता. आधी सुटका, मग भीती. आज इतकी वर्षं झाली, मला त्या क्रमाचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

दुपारनंतर तिचा श्वास जरा सैल झाला. मास्क लावूनच ती झोपली. डॉक्टर पलंगाशी आले, नळी लावून ऐकलं आणि माझ्याकडे वळले.

“केव्हापासून असं होतं?”

“पहाटेपासून.”

“पहाटेपासून? मग इतका वेळ का थांबलात? मागच्या वेळी मी सांगितलं होतं तुम्हाला. पोट आत ओढलं जायला लागलं, बोलताना वाक्य तुटायला लागलं, तर तसंच घेऊन या म्हणून.”

आवाज चढलेला होता. मी शिक्षिका आहे. असा आवाज कुठून येतो ते मला माहीत आहे. मी खाली बघितलं.

“काय काय सांगितलं होतं मी, आठवतंय का?”

मी आठवायचा खरंच प्रयत्न केला. त्यांचे हलणारे ओठ आठवत होते. मागच्या भिंतीवरचं हत्तीचं चित्र आठवत होतं. माझं ‘हो, हो’ आठवत होतं. शब्द एकही आठवत नव्हता.

“तुम्ही घरी न्या म्हणालात,” मी म्हणाले, “त्याच्यापुढचं मला काही ऐकू आलं नाही.”

“का?”

“लाज वाटली.”

“कशाची?”

“उगीच आणलं म्हणून.”

ते चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसू लागले. चष्म्यावाचून ते अगदीच पोरगेले दिसत होते, माझ्या दहावीतल्या एखाद्या विद्यार्थ्यासारखे. बराच वेळ काच पुसली त्यांनी. मग म्हणाले, “उगीच नव्हतं आणलं. त्या दिवशी ठेवायची गरज नव्हती, एवढंच. आज आहे. उद्या पुन्हा नसेल. आम्हालाही दर वेळी बघूनच ठरवावं लागतं, तुम्ही घरातून कसं ठरवणार?” चष्मा परत लावत ते म्हणाले, “आणि तुम्हाला ऐकूच आलं नसेल, तर मी सांगितलं असं म्हणता येणार नाही.”

एवढं बोलून ते गेले. आपण ज्यांना घाबरलो त्यांचीच मान आपल्यासमोर खाली जावी, याचीही एक लाज असते. ती मला तोवर माहीत नव्हती.

तनूला दिवाळीच्या आधी घरी सोडलं. त्या दिवसांत मी तिच्या पलंगाशी बसून असायचे आणि उघड्या दारातून मला तो बाक दिसायचा. सगळा जिल्हा त्या बाकावर येऊन बसतो असं वाटायचं. ऊसतोडीला निघालेली, बोचकी बांधून झालेली एक बाई तापलेलं लेकरू घेऊन आली होती, सोनपेठकडची होती. डॉक्टरांनी तपासलं आणि घरी न्या म्हणाले. तिची मान माझ्यासारखीच खाली गेली. इकडं बसून मला तो क्षण नेमका कळला, की आता हिला पुढचं ऐकू येणार नाही.

पण डॉक्टर पुढच्या लेकराकडे वळले नाहीत. स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. “तुम्ही आणलं ते बरं केलं,” म्हणाले. “आता घरी गेल्यावर काय बघायचं ते मला तुम्ही सांगा.”

“मी काय सांगू सायेब?”

“मी सांगितलेलं परत सांगा. चुकलं तर मी पुन्हा सांगतो.”

ती बाई पदराशी चाळा करत, अडखळत सांगू लागली. लघवी करतंय का बघायचं. दूध पितंय का बघायचं. झोपेतून उठंना गेलं तर आणायचं. एक विसरली, त्यांनी पुन्हा सांगितलं, तिनं पुन्हा म्हटलं. “आन तोडीच्या गावाला असलाव तर?” तिनं विचारलं. “तर तिथल्या दवाखान्यात जायचं,” ते म्हणाले, “आणि हेच तिथं सांगायचं.” जाताना तिनं मान वर केली होती की नाही ते मला दिसलं नाही. दाराच्या उजेडात ती नुसती एक आकृती होती, खांद्यावर लेकरू घेतलेली.

नंतर तनूला दम्याचा पंप मिळाला, हळूहळू तिचं तिला सांभाळता यायला लागलं. धुळीचे दिवस आले की आम्ही खिडक्या लावतो, ती तोंडाला रुमाल बांधते. आणि घरात ती गोष्ट एक गंमत होऊन बसली. पाहुणे आले की दीर सांगतात, “वहिनी अशा पळत आल्या की मशीनच बंद पडलं! इकडं आमची गंजी भिजली अन् पोरगी तिकडं फुगा मागायलीय.” सगळे हसतात. तनूही हसते. ही गोष्ट ऐकतच ती मोठी झाली.

यंदा ती अकरावीत आहे. रोज एसटीनं जिंतूरला कॉलेजला जाते. मागच्या आठवड्यात मी अंगणात तांदूळ निवडत होते तेव्हा ती फाट्यावरून येताना दिसली. कुंपणाशी आली आणि थांबली. खाली वाकून सँडलचा पट्टा नीट करायला लागली. पट्टा तर नीटच होता. ती वाकलेलीच राहिली, एक हात कुंपणाच्या खांबावर. मी ते खांदे ओळखले.

सूप तसंच टाकून मी तिच्याकडे गेले. “पंप कुठंय?”

“आहे.”

दप्तरातून मीच काढला. हलवून बघितला. रिकामा होता.

“केव्हा संपला?”

घरात एक जुना, थोडा उरलेला होता, तो दिला. तिचा श्वास जागेवर आल्यावर मी पुन्हा विचारलं. ती नखानं पंपाचं लेबल खरवडत राहिली.

“मळणी चालू होती ना आपली,” ती म्हणाली. “म्हटलं, नवा आणायला सांगितलं तर परत माझ्यामुळं सगळं थांबायचं.”

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणजे माझी लाज मी इतकी वर्षं एकटीच वाहत होते असं नव्हतं. ती घरात हसण्यावारी वाटली गेली होती आणि तिचा मोठा वाटा या पोरीच्या ताटात पडला होता.

त्या संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. मशीनचं तिला माहीतच होतं. मी चहाच्या आधणाचं सांगितलं. पहिल्या वेळी तिला आणखी थोडं जास्त असावं असं मला वाटून गेलं, ते सांगितलं. दुसऱ्या वेळी ठेवून घ्यावं लागेल म्हटल्यावर मला आधी काय वाटलं, तेही. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हते.

ती म्हणाली, “आई, तू घेऊन गेली होतीस ना पण?”

“आजी उठली म्हणून.”

“दोनदा गेली होतीस,” ती म्हणाली. “पहिल्यांदा तूच पळाली होतीस.”

काल मधल्या सुट्टीत ती कॉलेजातून लवकर परतून माझ्या शाळेत आली. स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. आत सगळे डबे उघडून बसले होते. “आई, छाती भरून आल्यासारखं वाटतंय,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “पंप घेतला, पण दाखवून येऊ. चल.” माझी नजर आधी सहकाऱ्यांकडे गेली. सवय जात नाही. मग मी डबा बंद केला आणि उठले.

परभणीला आता दुसऱ्या डॉक्टर आहेत, बाई आहेत. त्यांनी ऐकलं, आकडा बघितला, वाफ दिली, बसवून ठेवलं, पुन्हा ऐकलं. ठेवून घेतलं नाही. काय बघायचं ते तनूनं त्यांनी विचारायच्या आधीच म्हणून दाखवलं, तेव्हा त्या हसल्या.

आम्ही बाहेर आलो. ऊन कललं होतं. माझ्या मनात नेहमीचं सुरू झालं, अर्धा दिवस गेला, वर्ग कुणी घेतला असेल, उद्या काय विचारतील. तनूनं फोन काढला आणि आजीला लावला. आत्याबाईंना आता कमी ऐकू येतं, त्यामुळं ती भर रस्त्यात ओरडून बोलत होती. चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघत होती.

“आजी! काही न्हाई निघालं! हां, काहीच न्हाई! घरी यायलोत!”

परीक्षेचा निकाल सांगावा तशी सांगत होती. पलीकडून आत्याबाई काय म्हणाल्या ते मला कळलं नाही, पण तनू खळखळून हसली. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. बातमी आनंदाचीच होती.